पाचर

कोपरखैरण्याच्या गाळ्यात बशीर मिस्त्रींनी विचारलं होतं,
कुठल्या दाराला?
म्हटलं, ते दार मी अजून पाहिलेलं नाही.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच ठेवली.
कुणाच्या तरी देवघरातून उरलेला सागवान होता, वीतभर.
तो तासला,
एका टोकाला पोस्टकार्डाइतका,
दुसऱ्या टोकाला दोन बोटं.
घसरू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली.
पैसे? म्हणाले, परत आल्यावर.

परत आल्यावर बोलू, असं त्या महिन्यात सगळेच म्हणायचे
आणि लगेच दुसरीकडे बघायचे.

माझी तयारी जोरात होती.
रविवारी पारसिक हिलच्या चढावर
पाठीला नऊ किलो कोलम बांधून.
तिथल्या बंगल्याच्या वॉचमनने तिसऱ्या रविवारी न राहवून विचारलं,
ताई, वर कुणाकडे नेता एवढा तांदूळ?
पासपोर्टची एक प्रत बुटाच्या तळव्याखाली,
एक बहिणीकडे, नेरूळला.
वाशीत दीडशे रुपयांची अंगठी घेतली
आणि आरशासमोर रशियनमध्ये एकच वाक्य घोटलं:
नवरा मागच्या गाडीने येतोय.
सत्तेचाळिसाव्या वर्षी
कधी न झालेल्या नवऱ्याची
मागची गाडी.

काल पैसे द्यायला गेले.
भुश्शात पाय रुतत होते.
रंधा न थांबवता ते म्हणाले, लागली का?

सांगितलं.
किर्गिझस्तान, नारीनच्या अलीकडचं गाव,
नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला रस्ता,
तोही अंधार पडला की डोंगरच.
खोली चांगली होती, शेगडी, तीन रजया.
अंगणात मालकाचे पाहुणे, आवाज चढलेले.
त्यातला एक माझ्या दाराशी येऊन उभा राहिला
आणि बऱ्याच वेळाने, चुकलो, असं काहीतरी म्हणाला.
तो गेल्यावर मी पाचर काढली, वाकले,
आणि मिस्त्री,
दार बाहेर उघडत होतं.

रंधा थांबला.

बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून पाचर
म्हणजे हातात धरायचं लाकूड.
कडी होती, तिचा एक खिळा होता, एक नव्हता.
मी बूट न काढता गादीवर बसले.
नऊ वाजता बहिणीला अंगठा पाठवायचा ठरला होता,
फोनला रेंज नव्हती.

मग घरधनीण आली, बुरुल, चहा घेऊन.
मी घाईने वाक्य म्हटलं,
नवरा मागच्या गाडीने येतोय.
ती एवढी हसली की चहा सांडला.
सहानंतर तिकडे गाडीच येत नाही.

हसता हसता तिला जमिनीवरची पाचर दिसली.
मग बूट.
हसू थांबलं. ती गेली,
आणि घोडीच्या दुधाची रिकामी पत्र्याची बादली घेऊन आली.
बादली कडीला, बादलीत चार चमचे,
दोरीचा एक वेढा वरच्या खुंटीला.
दार बोटाने जरासं ढकललं.
असा आवाज झाला
की अंगणातलं बोलणं थांबलं.

हात सरावलेला होता, मिस्त्री.
दोरी आधीच त्या मापाची कापलेली होती.
कुणासाठी, कधीपासून,
हे विचारायला माझ्याकडे ते एकच वाक्य होतं,
तेही नवऱ्याचं.

मी झोपले. अख्खी रात्र नाही,
पण झोपले.

मिस्त्री बराच वेळ पाचर उलटीसुलटी करत राहिले.
ट्यूबची पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली.
म्हणाले, कुठल्या दाराला विचारलं मी.
कुठल्या बाजूला उघडतं, ते विचारलं नाही.

पैसे कालही घेतले नाहीत.
गाळ्याच्या कोपऱ्यात घणसोलीच्या कुणाच्या तरी फ्लॅटचं
नवंकोरं दार भिंतीला टेकून उभं होतं,
बिजागऱ्या न लावलेलं,
अजून कुठल्याच बाजूला न उघडणारं.